सव्वीस अंशांचा उकाडा

शीतयंत्र निरीक्षक म्हणून प्रणिता मत्तेला जी पहिली यादी मिळाली, तिच्यात एकशे चाळीस घरं होती आणि सगळ्यात वर नाव होतं दौलत पिंपळशेंडे यांचं.

प्रणिताने यादी दोनदा वाचली. मग कार्यालयातल्या माठातलं पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा वाचली. नाव तेच होतं.

साल होतं २०४१. चंद्रपूरच्या उन्हाळ्याने त्याआधीच्या चार वर्षांत माणसांना आणि विजेच्या तारांना सारखंच टेकीला आणलं होतं. दुपारी दोन वाजता गावातले सगळे एसी एकदम सुरू व्हायचे आणि अडीचला अर्ध्या गावाची वीज जायची. म्हणून योजना आली. कॉम्प्रेसरचा एसी परत करायचा आणि त्याच्या जागी 'हिमतार' नावाचं नवं यंत्र फुकट बसवून घ्यायचं. निरीक्षकाने घरी जाऊन जुनं यंत्र उतरवून घ्यायचं, नव्याचं तापमान मोजायचं आणि प्रमाणपत्रावर सही करायची. वीस वर्षं एसी दुरुस्त केलेल्या प्रणिताला ही नोकरी सहज मिळाली.

पण एसी दुरुस्त करायला तिला शिकवलं होतं ते दौलतकाकाजींनी. तांब्याच्या नळीला झाळ देणारी मुलगी बघायला लोक त्यांच्या दुकानासमोर उभे राहायचे, तेव्हा काकाजी बाहेर येऊन म्हणायचे, "पाहून झालं असंन तर सरका, पोरीच्या उजेडात येऊन राहिले तुम्ही."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्या घरी गेली. काकाजी आतल्या खोलीत, आपल्या खिडकीतल्या एसीसमोर खुर्ची टाकून बसले होते. एका बँकेने मोडीत काढलेला तो चाळीस वर्षांचा डबा त्यांनी लिलावात घेतला होता. तेव्हापासून त्याचा पंखा तीनदा, कॉम्प्रेसर दोनदा आणि बाहेरचा पत्रा चारदा बदलून झाला होता. तो चालू झाला की टेबलावरचे चहाचे कप किणकिणत.

"ये," काकाजी म्हणाले. "मले माहीत होतं, तूच येशीन. कागद आणला?"

"आणला, काकाजी."

"अन् मी नाही म्हटलं तर?"

"तर मला 'नाही म्हणाले' असं लिहावं लागेल. मग दुसरं कोणीतरी येईल."

काकाजींनी डोक्यावरून हात फिरवला. "असं कर. तुह्यं ते यंत्र आण, शेजारच्या खोलीत लाव. दोन्ही खोल्या सारख्याच हायेत. दोन्ही एकाच वेळी चालू करू. माह्यं हरलं तर मी स्वतःच्या हातानं उतरवतो. जिंकलं तर तू तो कागद फाडशीन."

कागद फाडायचा अधिकार प्रणिताला नव्हता. तरी ती म्हणाली, "चालेल."

स्वयंपाकघरातून गिरिजाकाकूंचा आवाज आला, "दोघंही शाळेत जायच्या वयाचे झाले वाटते."

सामना ठरला मंगळवारी दुपारी दोन वाजता. बाहेर शेहेचाळीस अंश तापमान होतं. निम्मा मोहल्ला काकाजींच्या ओट्यावर जमला होता, आणि गिरिजाकाकूंना हे नवं यंत्र थंड कसं होतं ते आधी कळायला हवं होतं.

"एक सांगा काकू," प्रणिता म्हणाली, "एसी थंडी कुठून आणतो?"

"बटण दाबल्यावर येते."

"थंडी येत नाही कुठूनच. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. काकाजींच्या यंत्रात ते काम गॅस करतो. आतल्या नळीत त्याचा दाब एकदम कमी होतो, तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, मागच्या जाळीत तो ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि पुन्हा आत येतो. असं गोल गोल."

"अन् हे नवं?"

प्रणिताने पर्समधून एक रबर काढलं, झटकन ताणलं आणि काकूंच्या ओठाला लावलं.

"अगंबाई! गरम लागते!"

"आता तसंच ताणून धरते थोडा वेळ. आता सोडते. लावा पुन्हा."

काकूंचे डोळे मोठे झाले. "थंड झालं की हो!"

"यात रबराऐवजी एका खास धातूच्या तारा आहेत, हजारो. ताणल्या की तापतात, ती उष्णता बाहेर सोडतात. सैल सोडल्या की गार पडतात. त्यांच्यातून पाणी फिरतं, ते गार पाणी या आतल्या पत्र्यांमध्ये येतं आणि पत्र्यांवरून हवा वाहते. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही."

"म्हणजे आपल्याले कामच नाही," काकाजी म्हणाले आणि त्यांनी उठून दोन्ही बटणं दाबली.

जुन्या यंत्राने आपल्या इमानाला जागून आरडाओरडा केला आणि बावीस मिनिटांत खोली सव्वीस अंशांवर आणली. शेजारी हिमतारला पस्तीस मिनिटं लागली. ओट्यावर टाळ्या पडल्या. काकाजींनी मिशीत हसून पाण्याचा ग्लास उचलला.

पण मीटर बघायचं ठरलं होतं सहा वाजता. चार तासांत काकाजींच्या यंत्राने सात युनिट वीज घेतली होती. हिमतारने दीड.

"माह्यं यंत्र एकतर पूर्ण पळते, नाहीतर पूर्ण थांबते," काकाजी मीटरकडे बघत म्हणाले. "हळू चालणं त्याले माहीतच नाही. मधल्या काळातले इन्व्हर्टरवाले तरी हळू चालाले शिकले होते." "पण वीज मी देतो ना. कोणाच्या बापाचं काय जाते?"

तेव्हा मागच्या गल्लीत राहणाऱ्या उरकुडेबाई बोलल्या. आतापर्यंत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत कोपऱ्यात उभ्या होत्या.

"भाऊजी, राग नका मानू. तुमच्या एसीचं तोंड आमच्या खिडकीकडे हाय. बारा वर्षं झाली, उन्हाळ्यात आम्ही ती खिडकी उघडली नाही."

प्रणिताने मागे जाऊन तापमान मोजलं. उरकुडेबाईंच्या खिडकीपाशी चौपन्न. हिमतारच्या मागे अठ्ठेचाळीस. खोलीतली उष्णता दोन्ही यंत्रं बाहेर टाकत होती, पण जुनं यंत्र स्वतः खाल्लेली सगळी वीजही उष्णता करून त्याच गल्लीत ओतत होतं. गावातल्या हजारो जुन्या यंत्रांनी मिळून तेच केलं होतं. गाव तापलं म्हणून एसी लावले आणि एसी लावले म्हणून गाव आणखी तापलं.

"बारा वर्षं?" काकाजी म्हणाले. "अन् एक शब्द नाही बोलल्या?"

"तुम्ही आमचा फ्रिज फुकट दुरुस्त करता. कसं बोलणार?"

काकाजी आत गेले, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. मीटरवर ते हरले नसते, अजून तासभर वाद घातला असता. त्या खिडकीने त्यांना हरवलं. पाऊण तास लागला. यंत्र उतरवताना त्यांनी प्रणितालाही हात लावू दिला नाही. शेवटी कागदावर सही करून दिली आणि म्हणाले, "आता चहा पिऊन जा. अन् त्यानंतर काही दिवस येऊ नको."

ती चहा पिऊन गेली. काही दिवसांचे तीन महिने झाले. काकाजींनी दुकानाचं शटर ओढलं ते उघडलंच नाही, असं तिला कळलं. तिने मात्र त्या तीन महिन्यांत तीन हजार शंभर प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. जून लागल्यापासून गावाची वीज एकदाही गेली नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. फोटोत ती हसत होती, पण पेपर बघितल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं, तर काकाजींनी तो उलटा करून ठेवला असेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, गिरिजाकाकूंचा फोन आला. आवाज अगदी हळू होता आणि दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"पोरी, यांना सांगू नको मी फोन केला म्हणून. ते फिरायला गेले हायेत. जरा येऊन पाहतेस का? दमा पुन्हा सुरू झाला माझा. सहा वर्षांनी."

प्रणिता तशीच निघाली. खोलीत पाय ठेवताच तिला जाणवलं. हवा गार होती, पण अंगाला चिकटत होती. ओल्या टॉवेलसारखी. चादर दमट, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी, आणि हिमतारच्या पडद्यावर हिरवे आकडे शांतपणे सांगत होते, सव्वीस.

तिने स्वतःचं मापक काढलं. सव्वीस. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

तिने तिथूनच कंपनीच्या नागपूर कार्यालयात ऋजुता देवस्थळी या अभियंतीला फोन लावला. ऋजुता हुशार होती, पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली होती, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर गावातलं प्रत्येक यंत्र दिसत होतं.

"ताई, तुम्ही सांगताय ते घर अगदी हिरवं दिसतंय मला. गेल्या पंधरा दिवसांत चारशे तक्रारी आल्यात, आणि चारशेही घरं हिरवीच आहेत. लोकांना जुन्याची सवय असते हो. होईल हळूहळू."

"इथे दम्याचा पेशंट आहे, मॅडम."

"मग डॉक्टरांना दाखवा ना लवकर," ऋजुता मनापासून म्हणाली. "यंत्र मात्र उघडू नका. सील तुटलं की तुमचं निरीक्षकपद जाईल, तुम्हाला माहितीये."

फोन ठेवला तर दारात काकाजी उभे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, प्रणिताकडे पाहिलं, आणि फोन कोणी केला हे न विचारताच त्यांना समजलं. ते आत गेले आणि दोन साधे काचेचे थर्मामीटर घेऊन आले. एकाच्या टोकाला त्यांनी ओली चिंधी बांधली होती. दोन्ही त्यांनी वर्तमानपत्राने वारा घालत तिच्यासमोर धरले.

"वाच."

"कोरडा सव्वीस. ओला... तेवीस पूर्णांक पाच."

"हवा कोरडी असती तर ओल्या चिंधीतलं पाणी उडून गेलं असतं अन् तो पारा सतरा-अठरापर्यंत उतरला असता. इथं पाणी उडायलेच तयार नाही. कारण हवेत जागाच नाही. अंगावरचा घाम जाईन कुठं? सव्वीस अंशांचा उकाडा हाय हा, नुसता."

प्रणिता खुर्चीत बसली. तिला आता सगळं दिसत होतं. गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तसाच जुन्या एसीच्या आतल्या नळ्यांना यायचा. त्या आठ-दहा अंशांपर्यंत गार असत. हवेतली वाफ त्यांच्यावर धरायची, थेंब व्हायचे, नळीवाटे बाहेर ठिबकायचे. जुना एसी खोली गार करता करता वाळवतही होता. हिमतारने वीज वाचवली होती ती पत्रे फार गार न करूनच. बावीस अंशांचे पत्रे, भरपूर वारा, की झाली खोली सव्वीस. मे महिन्याच्या करकरीत कोरड्या हवेत ते छान चाललं. पण बावीस अंशांच्या ग्लासाला ऑगस्टमध्येही जेमतेमच घाम येतो.

"याची पाण्याची नळी कुठं हाय?" काकाजींनी विचारलं.

"नाहीच दिलेली."

"तेच. मले मे महिन्यातच खटकलं होतं ते."

"मग बोलला का नाहीत, काकाजी?"

"हरलो होतो ना मी. तेव्हा बोललो असतो तर म्हातारा कुरकुर करते म्हटलं असतं." ते दुसरीकडे बघत म्हणाले, "तू नसतं म्हटलं. पण मलेच तसं वाटलं असतं."

आतून काकू खोकल्या. तो खोकला थांबायला बराच वेळ लागला.

प्रणिता उठली. पर्समधून तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला, जो निरीक्षक झाल्यापासून उगीचच बाळगत होती. यंत्राच्या कडेला कंपनीचं लाल सील होतं. तिने ते मधोमध फोडलं. दूर नागपुरात कुठेतरी एक हिरवा ठिपका लाल झाला असणार.

"नोकरी जाईन तुही," काकाजी म्हणाले.

"तुमचं दुकान आहे ना बंद पडलेलं. शटर उघडायला दोघं लागतीलच."

काकाजी मे महिन्यानंतर पहिल्यांदा हसले आणि खाली बसले.

आत पत्र्यांचे चार गठ्ठे होते आणि चौघांत तारांचं गार पाणी सारखं वाटलं जात होतं. "चार जणांत एक भाकर वाटून कोणाचंच पोट भरून नाही राहिलं," काकाजी पुटपुटले. प्रणिताने तीन गठ्ठ्यांच्या तोट्या बंद केल्या. सगळं गार पाणी आता एकाच गठ्ठ्यात जाऊ लागलं. काकाजींनी पंख्याची तार सोडवून आपल्या दुकानातला जुना रेग्युलेटर मध्ये जोडला आणि वारा अगदी मंद केला, म्हणजे हवा पत्र्यांपाशी रेंगाळेल. पत्र्याचं तापमान उतरू लागलं. वीस. सतरा. चौदा. बारा.

दोघंही गुडघ्यांवर बसून बघत होते. पत्र्याच्या कडेला धुकं धरलं, मग बारीक मोती, मग एक मोती लांब झाला आणि काकाजींच्या नाकावर पडला.

"अवं, परात आण!" ते ओरडले.

काकू धापा टाकत परात घेऊन आल्या, तीही पुरणाची मोठी. दुपारी एकपर्यंत परातीत दोन लिटर पाणी जमलं. मग ओल्या चिंधीचा पारा एकोणीसवर आला. काकू पलंगावर बसून हळूहळू लसूण सोलत होत्या, आणि सोलता सोलता उरकुडेबाईंच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मध्ये श्वासासाठी न थांबता त्यांनी अख्खं वाक्य पूर्ण केलं तेव्हा काकाजी उठून उगाच बाहेर जाऊन आले.

ऋजुता दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचली. ती चिडलेली होती.

"ताई, मी स्पष्ट सांगितलं होतं!"

"हो. माझं पद काढून घ्या, मी सही करते. फक्त त्याआधी दोन तास द्या मला."

प्रणिताने तिला आधी उरकुडेबाईंकडे नेलं. तिथल्या हिमतारला कोणी हात लावलेला नव्हता. प्रणिताने त्याच्या पडद्यावर कागद चिकटवला आणि ऋजुताला एक तास बसवलं. उरकुडेबाईंनी पोहे दिले. अर्ध्या तासाने ऋजुताने ओढणी काढून ठेवली, पाऊण तासाने ती मानेवरचे केस वर बांधू लागली. मग काकाजींच्या खोलीत एक तास. तिथेही पडद्यावर कागद. तिथे तिने ओढणी पुन्हा अंगावर घेतली.

"किती असेल?" प्रणिताने विचारलं.

"त्यांच्याकडे तीस तरी. इथे चोवीस."

प्रणिताने दोन्हीकडचे कागद काढले. दोन्हीकडे सव्वीस.

ऋजुताने परातीतल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. "आम्ही चाचणी फेब्रुवारी ते मे घेतली होती," ती म्हणाली. "चारही महिने कोरडे." नंतर तिने काकाजींना विचारलं, "वीज किती वाढली?"

"तिसऱ्या हिश्श्यानं. पण हवा कोरडी झाल्यावर अठ्ठावीसवरसुद्धा चांगलं वाटते. तेवढीच परत वाचंन. अन् माह्या जुन्या डब्यापेक्षा अजूनही लई कमी हाय." हे शेवटचं वाक्य उच्चारायला काकाजींना थोडे कष्ट पडले. पण त्यांनी ते पूर्ण उच्चारलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला योजनेची सभा होती. नागपूरहून मोठे अधिकारी आले होते, कंपनीचे लोक आले होते, आणि योजना पुढे न्यायची की गुंडाळायची याचा निर्णय व्हायचा होता. गावात काही लोकांनी माळ्यावरचे दडवलेले जुने एसी खाली काढायला सुरुवात केली होती. दोनदा वीजही गेली होती. ऋजुताने नवी आकडेवारी मांडली. मग प्रणिता उभी राहिली. तिच्या हातात भाषण होतं, ते तिने वाचलं नाही.

"तीन हजार शंभर घरांत मी सही केली," ती म्हणाली. "सगळीकडे तापमान बरोबर होतं. मी पारा वाचला आणि निघाले. एकाही घरात बसले नाही. बसले असते तर पहिल्याच पावसाळी दिवशी कळलं असतं. यंत्र वाईट नाही. त्याला अर्धंच काम शिकवलंय, आणि मी अर्धंच तपासलं. सील मी फोडलंय, ते कोणाच्या सांगण्यावरून नाही."

मग मागच्या रांगेतून काकाजींचा आवाज आला, "रेग्युलेटर माहा होता, तेवढं लिहून घ्या."

हशा पिकला आणि त्यानंतर कोणाला फार कठोर होणं जमेना. प्रणिताला लेखी समज मिळाली, पद राहिलं. योजनाही राहिली. हिमतारला नवी आज्ञावली मिळाली. हवा दमट झाली की तीन तोट्या आपोआप बंद, वारा मंद, एक गठ्ठा बर्फासारखा. पाण्याची नळी घराबाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचीही गरज पडली नाही. जुन्या एसींची भोकं प्रत्येक घरात तशीच होती, कुठे चिमण्यांनी घरटं केलेली, कुठे कागदाचा बोळा कोंबलेली. अकरा हजार घरांत नळ्या घालायचं काम निघालं आणि ते शिकवायला गावात एकच दुकान होतं. काकाजींनी शटर उघडलं तेव्हा ते गंजून इतकं घट्ट बसलं होतं की खरंच दोघं लागले.

प्रणिताने प्रमाणपत्राचा नमुनाही बदलून घेतला. त्यात तापमानाच्या खाली ओल्या पाऱ्याचा रकाना आला आणि त्याच्याखाली आणखी एक, 'घरच्यांना कसं वाटतं?' निरीक्षकाने तो भरण्याआधी त्या खोलीत अर्धा तास बसायचं, असा नियम झाला. वरिष्ठ म्हणाले होते, फार वेळ जाईल. प्रणिता म्हणाली होती, जाऊ द्या.

नव्या नियमाचं पहिलं घर होतं बाबुपेठेत. घरात एकट्या राहणाऱ्या सत्याऐंशी वर्षांच्या यशोदाबाई बोबडे. त्यांनी प्रणिताला पलंगावर बसवलं, चिवडा दिला, आणि मग अर्धा तास मोठा जावई, धाकटा जावई, समोरच्यांचा कुत्रा आणि नळाला येणारं पिवळं पाणी यांच्याबद्दल सांगितलं. प्रणिता ऐकत होती. नळीतून बाहेर थेंब पडल्याचा आवाज येत होता.

अर्धा तास झाला. तिने पेन उघडलं.

"आजी, आता सांगा. खोलीत कसं वाटतं तुम्हाला?"

यशोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं, पाय वर घेतले आणि मान डोलावली.

"बरं वाटते," त्या म्हणाल्या. "कोणी बसलं होतं ना."

प्रणिताचं पेन थोडा वेळ रकान्यावर थांबलं. मग तिने ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली.